आईंच्या हातातला कंट्रोलर

"ते जुनं मशीन तेवढं हलवू नका हं," फिजिओबाई दारात चपला घालता घालता म्हणाल्या होत्या. "मी आठवड्यातून दोनदा येते. ते रोज काम करतंय."

मी हसले. ज्या गेम-कन्सोलबद्दल त्या बोलत होत्या, ते सतरा वर्षांपूर्वीचं होतं. त्याचं पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडलं होतं आणि त्याच्या खेळातल्या माणसांना बोटंसुद्धा नव्हती, नुसते गोळे.

"अहो, आम्ही याच्या पन्नासपट ताकदीचं घेतोय," मी म्हटलं.

"ताकद तुमच्या सासूबाईंच्या खांद्यात यायला हवीय," त्या म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. मी दार लावलं आणि ते बोलणं दाराबाहेरच राहिलं.

मी गेम बनवणाऱ्या कंपनीत तपासणीचं काम करते. नवीन गेम आला की तो वेगवेगळ्या कन्सोलवर चालवायचा आणि चित्र कुठे अडखळतं ते शोधायचं. सेकंदाला साठ चित्रं यायला हवीत. बावन्न आली तर गळालेली आठ मी पकडते. तुम्हाला ती दिसणार नाहीत, मला दिसतात. डोळ्यांत तेल घालून बघणं हीच माझी नोकरी आहे, आणि या गोष्टीचा मला फार अभिमान होता.

त्यामुळे आमच्या घरी एक कायमचा वाद होता. माझे धाकटे दीर लिफ्ट दुरुस्त करतात. दर रविवारी ते आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, भेटायला यायचे आणि जेवण होईपर्यंत माझी फिरकी घ्यायचे. ते जुनं मशीन त्यांनीच आणलं होतं.

"वहिनी, तुमचं नवं मशीन म्हणजे तालमीतला पहिलवान. लांबून दंड बघायचे आणि वा म्हणायचं. आमचं म्हातारं बघा. एक दांडी हलवली की माणूस खुर्चीतून उठतं."

"दांडीच हलवायची तर घरात झाडू आहे, भाऊजी."

"झाडूला गुण कुठे मिळतात?"

"ताकद नसेल तर नुसती कल्पना घेऊन काय करायचं? चित्र तरी धड दिसायला हवं ना."

"आणि नुसत्या ताकदीचं तरी काय करायचं? लिफ्टला कितीही मोठी मोटर लावा, बटणापर्यंत हात पोचला नाही तर माणूस खालीच."

नवरा दोघांच्याही बोलण्यावर मान डोलवायचा. त्याला जेवायचं असायचं.

आईंनी तीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात कटिंग केलं. कापडाचे वीस-वीस थर एका वेळी कापायच्या. मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात ओल्या फडक्यासारखा लोंबायला लागला. तेव्हा भाऊजींनी हे मशीन आणलं. त्याचा कंट्रोलर म्हणजे एक पांढरी दांडी. ती हातात धरून हात पुढे झोकला की पडद्यावर बोलिंगचा चेंडू घरंगळत जातो आणि दहा सोंगट्या पाडतो. बटण एकच. बाकी सगळं हातानेच.

सुरुवातीला आईंचं नुसतं मनगट थरथरायचं आणि चेंडू बाजूच्या खाचेत जायचा. मग कोपर हलायला लागलं, मग खांदा. रोज चारच्या सुमाराला त्या आणि माझी मुलगी, भिंगरी, खेळायला उभ्या राहायच्या. भिंगरी साडेचार वर्षांची. ती हरली की आजीला म्हणायची, "तू लबाड आहेस," आणि जिंकली की, "तू म्हातारी आहेस." फिजिओबाई दर महिन्याला स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण करायच्या, आईंचा हात कुठवर पोचतो त्याची. आठ महिन्यांत ती कमरेपासून कानाच्या वर गेली. एक दिवस आईंनी स्वतःचे केस स्वतः बांधले. अंबाडा वाकडा झाला होता, सुटायला आला होता, पण त्या दिवशी त्या काही ना काही निमित्ताने घरातल्या प्रत्येक खोलीत जाऊन आल्या.

हे सगळं मी पाहिलं होतं. पाहिलं नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

मग एकदा दांडी आईंच्या हातातून निसटली आणि भिंगरीच्या भुवईवर लागली. छोटंसं टेंगूळ आलं. भिंगरी रडलीसुद्धा नाही. पण टेबलाचे कोपरे ज्यांच्या स्वप्नात येतात त्या आयांपैकी मी एक. दोन रात्री मी तिच्या भुवईवर हात ठेवून झोपले. आईंनी लगेच नियम केला, आजीची पाळी असताना भिंगरीने सोफ्याच्या मागे उभं राहायचं. तेवढं पुरे होतं. मला मात्र जुनं मशीन काढायला कारण मिळालं होतं.

खरं कारण टेंगूळ नव्हतंच. त्याच्या आधीच्या आठवड्यात ऑफिसातले चौघे घरी आले होते. त्यातल्या एकाने टीव्हीखाली बघून विचारलं, "हे अजून चालतं?" सगळे हसले आणि सगळ्यांत मोठ्याने मी हसले. आई तेव्हा सोफ्यावर बसलेल्या होत्या, दांडी मांडीवर घेऊन.

नवं मशीन आलं. जुनं मी ऑफिसात दिलं. तिथे जुन्या कन्सोलचं एक काचेचं कपाट आहे, येणाऱ्या-जाणाऱ्यांना बघायला.

नव्या मशीनची ताकद खोटी नव्हती, हेही सांगायला हवं. पहिल्या संध्याकाळी खेळात समुद्र लागला आणि आम्ही सगळे बघतच राहिलो. पाण्याखालचे दगड दिसत होते. आई पुढे सरकून बसल्या. खेळातला खलाशी वळला तशी त्या म्हणाल्या, "ह्याच्या कोटाची बाही चुकलीय. काखेत ओढतेय बघ. कापणाऱ्याने गोलाई कमी घेतली."

मला इतका आनंद झाला. जुन्या मशीनवर कोटाला शिवण तरी होती का, असं मी भाऊजींना फोन करून विचारलं.

पण नवा कंट्रोलर दोन्ही हातांत धरायचा, दोन्ही अंगठ्यांनी दोन दांडके फिरवायचे, वर दहा-बारा बटणं. आईंनी तीन दिवस प्रयत्न केला. त्यांचा खलाशी एका भिंतीकडे तोंड करून चालत राहायचा.

"आजी, तो भिंतीवर डोकं आपटतोय."

"मग? मलाही तेच करावंसं वाटतंय," आई म्हणाल्या, आणि आम्ही तिघी हसलो. मग त्यांनी कंट्रोलर खाली ठेवला. "तुम्ही खेळा गं. मी बघते. छान दिसतं."

आता मी जे केलं ते लिहिते.

भिंगरी दोन वर्षांची असताना मी खेळायला बसले की ती कंट्रोलर ओढायची. मग मी तिच्या हातात दुसरा, न जोडलेला कंट्रोलर द्यायचे. ती बटणं दाबायची, पडद्यावर काहीतरी हलायचं, तिला वाटायचं आपणच हलवतोय. आमच्या ऑफिसातल्या सगळ्या आया हे करतात. आम्ही एकमेकींना शिकवतो.

मी आईंना तोच कंट्रोलर दिला.

"आई, हा तुमच्यासाठी वेगळा लावलाय. सोपा केलाय. हे एवढं एकच बटण दाबायचं, की होडी पुढे जाईल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कंट्रोलरकडे. बटण दाबलं. मी माझ्या अंगठ्याने होडी पुढे नेली.

"बघा, जमलं की तुम्हाला."

"जमलं बाई," आई म्हणाल्या.

असे सात आठवडे गेले. ऑफिसातून आले की आम्ही तिघी बसायचो, मी होडी हाकायचे, आई बटण दाबायच्या, आणि मी मनात म्हणायचे, किती सोपं होतं हे. फिजिओबाईंच्या स्वतःच्याच गुडघ्याचं ऑपरेशन होतं, त्यामुळे त्या सुट्टीवर होत्या. जाताना त्यांनी व्यायामाचा कागद दिला होता, तो फ्रीजवर लावलेला होता. आई म्हणायच्या, "खेळते की मी रोज." मीही तेच म्हणायचे. आईंचे केस मी बांधायला लागले होते. त्याच एकदा म्हणाल्या, "आज तू बांध गं," आणि मग रोजच. मला वाटलं, सुनेकडून लाड करून घेताहेत.

फिजिओबाई आल्या त्या काठी टेकत. आईंना चौकटीपाशी उभं केलं. "चला, वर."

हात छातीपर्यंत आला आणि थांबला. आईंनी दात आवळले, टाचा उचलल्या. फिजिओबाईंनी हाताला आधार देऊन थोडं वर न्यायचा प्रयत्न केला तेव्हा आईंच्या तोंडून बारीक आवाज निघाला. जुन्या खुणेच्या दीड वीत खाली पेन्सिल टेकली.

"खांदा आखडलाय," त्या म्हणाल्या. "मशीन कुठे आहे?"

मी टीव्हीखाली बोट दाखवलं. त्यांनी बघितलं आणि पेन्सिल पर्समध्ये ठेवली. त्यांनी मला झापलं असतं तर बरं झालं असतं.

"पण आई रोज खेळतात," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "त्यांना वेगळा कंट्रोलर दिलाय मी."

भिंगरी जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तो बंद असतो."



"आजीला माहितीये. आजी तुझा अंगठा बघते आणि मग दाबते. एकदा चुकली तर आम्ही खूप हसलो, तू किचनमध्ये गेल्यावर. आजी म्हणाली, आईला सांगायचं नाही, तिने हौसेने आणलंय."

मी आईंकडे बघितलं. त्या डाव्या हाताने उजव्या हाताची बाही सारखी करत होत्या.

"लहान आहे ती," आई फिजिओबाईंना म्हणाल्या. "काहीही बोलते."

म्हणजे तेव्हाही, हात वर जात नसताना, त्या परक्या माणसासमोर माझीच लाज राखत होत्या.

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि उभी राहिले. कितीतरी वेळ. सात आठवडे माझ्यापासून हातभर अंतरावर बसून त्या माझा अंगठा निरखत होत्या, कापडावर नजर ठेवावी तशी, मला वाईट वाटू नये म्हणून. सेकंदाला साठ चित्रं मोजणाऱ्या मला त्यांची नजर एकदाही दिसली नाही. मी एकदाही पडद्यावरून मान वळवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांकडे गेले आणि काचेच्या कपाटातलं मशीन परत मागितलं.

"का गं? तूच तर दिलंस हौसेने."

"मुलीला हवंय," मी म्हटलं. कपाटाची किल्ली आणायला माणूस गेला तेवढ्या वेळात मी खरं सांगू शकले असते. आजूबाजूला सगळे उभे होते. कुणीतरी म्हणालं, "पन्नासपट मागे चाललीस की." मी पुन्हा हसले.

घरी येऊन मशीन जोडलं. गोळ्यांच्या हातांची माणसं पडद्यावर आली. आईंनी दांडी घेतली, तिचा पट्टा मनगटात अडकवायला भिंगरीने मदत केली आणि आपणहून सोफ्याच्या मागे जाऊन उभी राहिली. आईंनी हात मागे नेला. चेंडू तीन हात गेला आणि खाचेत पडला.

"तू म्हातारी आहेस," सोफ्यामागून आवाज आला.

"थांब, बघतेच तुला," आई म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, हळू आवाजात, "नवंही वाईट नव्हतं गं. समुद्र छान होता."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. "आई, मी तुम्हाला दोन वर्षांच्या पोरीसारखं वागवलं," एवढं एकच वाक्य होतं. मी म्हटलं, "चहा टाकते."

याला तीन महिने झाले. खूण चार बोटं वर चढलीय. फिजिओबाई म्हणतात, गेलेलं सगळं परत येईल असं नाही, येणारच नाही असंही नाही. केस अजून मीच बांधते. रोज सकाळी त्या माझ्याकडे पाठ करून बसतात, कंगवा माझ्या हातात असतो, समोरासमोर बघावंही लागत नाही, तरी ते वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. भाऊजींनी तर अजून एकदाही टोमणा मारलेला नाही. रविवारी येतात, जेवतात, मशीनचा विषय काढत नाहीत. 

कुठलं मशीन भारी, ते तुम्ही ठरवा, मला आता त्यावर बोलायला तोंड नाही. पण तुमच्या घरातही कुणीतरी असेल, सासू, वडील, आत्या, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून "तुम्ही करा, मी बघते" म्हणणारं. हे वाचून झालं की उठून त्यांच्याजवळ जा. शेजारी बसा, पडद्याकडे पाठ करून, आणि त्यांचा हात कुठवर पोचतो ते एकदा बघून या.