काला फिकोची शीळ

रविवारी सकाळी आमची सहलीची बस माझारा गावाच्या मासळीबाजाराच्या कोपऱ्यावरून सुटते. गास्पारेकाका चालवतात. मी माईक हातात घेऊन पुढच्या दाराशी उभी राहते आणि दर आठवड्याला तेच विनोद करते. प्रवासी बहुतेक गावातलेच असतात. पेन्शनीतले कोळी, त्यांच्या बायका, एखादं पालेर्मोहून आलेलं जोडपं. वाटेत सांता व्हेनेराच्या चर्चपाशी थांबा, तिथे कॉफी आणि बदामाच्या वड्या, आणि मग संध्याकाळपर्यंत काला फिको किनाऱ्याची पांढरी वाळू.

तिथे पोचलं की सगळे उतरतात. गास्पारेकाका उतरत नाहीत. बस वर रस्त्यालाच उभी करतात, तोंड डोंगराकडे करून, आणि सीटवर बसूनच जेवतात. मी नवीन होते तेव्हा म्हटलं होतं, "काका, पाय तरी बुडवून या."

"माझे पाय स्वच्छ आहेत," ते म्हणाले.

मी पुन्हा विचारलं नाही. कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत ट्युनिशियाहून निघालेली एक बोट त्या खडकांवर फुटली होती, पोरांनी खच्चून भरलेली. वाचलेल्यांना न्यायला पहाटे दुसरी गाडी मिळेना, म्हणून काकांना बस घेऊन बोलावलं. उरलेले पुढे कितीतरी दिवस वाळूवर येत राहिले. मेमध्ये छत्र्या लागल्या, बार उघडला आणि आमच्या सहली सुरू झाल्या. काय करणार, उन्हाळा काही थांबत नाही.

शीळ मी पहिल्यांदा त्याच उन्हाळ्यात ऐकली. दुपारी जेवणं आटोपली की काला फिकोवर सगळं निवांत होतं. पोरं आयांच्या मांडीवर पेंगतात, पुरुष तोंडावर टोपी टाकून पडतात, लाटासुद्धा दमल्यासारख्या येतात. तेवढ्यात डाव्या हाताच्या खडकांपलीकडून कुणीतरी शीळ घातली. तीन सूर. तिसरा वर चढायला लागायचा आणि मध्येच तुटायचा. मग शांत. उत्तराची वाट बघावी तसं शांत. मग पुन्हा तीच. मी खडकाला वळसा घालून बघून आले. पाणी होतं, आणि उन्हात वाळलेलं शेवाळ होतं. माणूस नव्हता.

बारवाला म्हणाला, वारा. आमच्या एकूण एक सहलींना येणारी इओलेआजी म्हणाली, "माझं कानातलं मशीन बिघडलंय गं. एरवी गप्प असतं, इथे आलं की वाजतं." मी वर जाऊन काकांना विचारलं. एवढ्या उकाड्यात त्यांनी खिडकीची काच वर केली.

"पक्षी आहे."

"कुठला पक्षी?"

"प्रत्येक पक्ष्याला नाव पाहिजे का तुला?"

त्या उन्हाळ्यात ती मी पुष्कळदा ऐकली आणि पुढच्याही. सवय कधी झाली नाही. दुपार व्हायला लागली की मी उगाच पोरांना पत्ते खेळायला बसवायचे, मोठमोठ्याने बोलायचे.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी, सप्टेंबरात, बसमध्ये रीम चढली. रीम माझ्या शाळेतली. तिच्या ट्युनिशियन बापाचं आयुष्य आमच्या गावच्या ट्रॉलरवर गेलं आणि ती माझारातच जन्मली. सोबत पन्नाशीची एक बाई होती, डोक्याला रुमाल, अंगात काळा स्वेटर, मांडीवर भाकरीची पिशवी.

"व्हिता, ही माझी मावशी. मब्रूका. ट्युनिशियातल्या झार्झिसहून आलीये."

इओलेआजी लगेच सरसावली. "बाई, समुद्रावर निघालीस की मयताला? उकडून मरशील की!"

रीमने हे तिच्या भाषेत सांगितलं नाही, पण मब्रूकाला सूर कळला असावा. तिने पिशवीतून ट्यूना भरलेली एक तळलेली पारी काढून आजीच्या हातावर ठेवली. आजीने खाल्ली आणि पुढचा तासभर बसमध्ये सगळ्यांना सांगत राहिली, "स्वेटर असू दे, हात सोन्याचा आहे."

मी माईकवर नेहमीचे विनोद केले. मब्रूका खिडकीबाहेर बघत होती, बोटांनी स्वेटरचं एकच बटण काढत-लावत होती.

चर्चपाशी सगळे कॉफीला उतरले तेव्हा रीमने मला भिंतीच्या सावलीत ओढलं.

"मावशीचा मुलगा त्या बोटीत होता. वज्दी. तो सापडलाच नाही. मेलेल्यांमध्ये नाही, जिवंतांमध्ये नाही. दीड वर्ष ती व्हिसासाठी चकरा मारत होती. आता आलीये तर म्हणते, जागा बघायचीये. मी काय करू? माझ्याकडे गाडी नाही. म्हटलं, तुमची सहल तिथेच जाते." तिने डोळे पुसले. "छत्र्या बघून ती काय म्हणेल, मला माहीत नाही."

"आधी सांगायचंस ना. मी बसमध्ये वेड्यासारखी बडबडले."

"तुझी बडबड तिला आवडली. म्हणाली, पोरगी आनंदी आहे, लग्न झालंय का?"

काला फिकोला उतरताना मब्रूका काकांपाशी क्षणभर थांबली. काकांनी मान वर केली नाही.

खाली आल्यावर तिने छत्र्यांकडे एकदा बघितलं. चपला काढल्या, वाळूत पाय ठेवला आणि परत चपला घातल्या. तिच्या पायाखाली काय आहे असं तिला वाटलं असेल, हे मला चटकन कळलं. आम्ही तिला डाव्या हाताला, गर्दीपासून दूर बसवलं. तिने पिशवी उघडली आणि आम्हाला खायला घातलं. स्वतः एक घास खाल्ला नाही. वज्दीबद्दल सांगत राहिली, रीम मला आमच्या भाषेत सांगत राहिली. तो गवंड्याच्या हाताखाली जायचा. त्याला कोथिंबीर चालायची नाही. निघताना आईला न सांगता गेला, पण गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे घड्या करून ठेवून गेला.

जेवणं झाली. किनारा निवांत झाला. मी रीमला म्हटलं, "चल, आपण जरा बारकडे..."

तेवढ्यात शीळ आली.

मब्रूका फड्या निवडुंगाचं फळ सोलत होती. तिचा हात थांबला. दुसऱ्यांदा आली तेव्हा सुरी वाळूत पडली. ती रडली नाही, ओरडली नाही. कान देऊन बसली, चुलीवर दूध असताना बाई बसते तशी. मग रीमला काहीतरी म्हणाली. रीमचा चेहरा उतरला.

"काय म्हणते?"

"म्हणते, ही आमच्या गल्लीतली शीळ. पोरं एकमेकांना गच्चीवरून बोलवायची ती. पण म्हणते, हा वज्दी नाही. वज्दीचा शेवटचा सूर खाली यायचा. हा वर जातो. हा हमादी आहे."

"हमादी कोण?"

"शेजारच्या लतीफाचा मुलगा. वज्दीचा जिवलग. दोघं एकत्रच निघाले होते." रीम मला सांगत होती की स्वतःला, कळेना. "पण व्हिता, हमादी तर जिवंत आहे! वाचलेल्या एका पोराने फोनवर सांगितलं होतं. त्याने हमादीला पाहिलं, ब्लँकेट पांघरून बसमध्ये बसलेला. लतीफा दीड वर्ष त्याच्या फोनची वाट बघतेय. म्हणते, फ्रान्सला गेला असेल."

"बसमध्ये?" मी म्हटलं.

आम्ही दोघींनी एकदमच वर रस्त्याकडे पाहिलं. मब्रूकाला काही सांगायची गरज पडली नाही. ती उठली होती.

चढावर ती माझ्यापुढे गेली. बसचं दार उघडंच होतं. काका सीटवर बसले होते, डबा न उघडता. आम्हाला बघून त्यांनी टोपी काढली. मला वाटलं, आता पक्ष्याचं सांगतील.

"मब्रूका विचारते," रीम म्हणाली, "तुमच्या बसमध्ये एक पोरगा होता का? कुरळ्या केसांचा, भुवईवर खूण असलेला."

काकांनी मागे न बघता अंगठ्याने पहिल्या सीटकडे दाखवलं.

"तिथे बसला होता. मीच ब्लँकेट दिलं. दात वाजत होते, चहा धरवत नव्हता. पण खिडकी उघडायचा आणि शीळ घालायचा, पाण्याकडे तोंड करून. मी म्हटलं, बाळा, काच लाव, थंडीने मरशील. लावायचा आणि परत उघडायचा." काकांनी तरुणपणी ट्रॉलरवर काढलेली वर्षं आठवून तिच्या भाषेतले मोडके शब्द मध्ये मध्ये घातले. "मग खालून एका बाईला वर आणायचं होतं. मी गेलो. परत आलो तर ब्लँकेट सीटवर, आणि पोरगा नाही. खाली पाहिलं तर तो पाण्यात शिरत होता. पळालो, पण या पायांनी किती पळणार? शीळ घालत घालत आत गेला. लाट आली. पुन्हा दिसला नाही."

रीम सांगत होती आणि मध्येच थांबत होती. मब्रूकाने सगळं ऐकून घेतलं. मग ती बसमध्ये चढली आणि पहिल्या सीटवर बसली. सीटच्या कापडावरून हात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिली. काही म्हणाली ते रीमने फार हळू सांगितलं.

"म्हणते, तो माझ्या मुलाला शोधायला परत गेला. त्याला कुणी उत्तरच दिलं नाही."

खालून शीळ आली. या वेळी काकांनी काच लावली नाही.

मब्रूका उतरली आणि सरळ पाण्याकडे निघाली. रीम तिच्यामागे धावली. काका उठले, पायऱ्या उतरले, आणि एका हाताने कठडा धरून त्या उतारावर निघाले. मी त्यांच्या दंडाला धरलं. त्यांनी हात झटकला नाही.

मब्रूका स्वेटरसकट गुडघाभर पाण्यात गेली. छत्र्यांखालचे लोक माना वर करून बघायला लागले. इओलेआजी उठून उभी राहिली. म्हणाली, "अगं, धरा तिला!"

पुन्हा शीळ आली, खडकांपलीकडून नव्हे, आता समोरून, पाण्यावरून. मब्रूकाने दोन बोटं तोंडात घातली आणि उत्तर दिलं. तीन सूर, तिसरा खाली उतरणारा. पन्नाशीची बाई ती, पण शीळ घातली ती पोराची, गच्चीवरून पायऱ्या उतरता उतरता घालावी तशी. दमदार, जरा उद्धट. 'आलो, थांब' म्हणणारी.

आम्ही सगळे वाट बघत राहिलो. पलीकडून काही आलं नाही. पाणी तिच्या गुडघ्यांशी खेळत होतं. तिने पुन्हा शीळ घातली नाही. उभी राहिली, आणि मग हलकेच, झोपलेल्याला उठवायचं नाही अशा बेताने, मागे मागे पाऊल टाकत बाहेर आली.

काका वाळूवर उभे होते. तिच्या भाषेत, मोडकं का होईना, माफ कर म्हणाले. तिने त्यांच्या दोन्ही हातांवर आपले ओले हात ठेवले आणि मान हलवली. माफी कसली, असंच असावं ते.

परतीच्या वाटेवर मी माईक घेतला नाही. मब्रूका पहिल्या सीटवर बसली होती, खिडकीकडे सरकून, शेजारी जागा ठेवून. तिथे बसायला कुणी गेलं नाही. इओलेआजीने मागून फक्त आपली शाल पुढे पाठवली, तिच्या पायांवर घालायला. बस चालवताना काकांनी एकदा आरशात त्या सीटकडे बघितलं आणि डोळे परत रस्त्यावर आणले.

ऑक्टोबरात सहली बंद होईपर्यंत आम्ही आणखी काही रविवार तिथे गेलो. दुपारी मी कान लावून बसायचे. काही ऐकू आलं नाही. खरं सांगायचं तर त्यानंतर तिथली शांतता मला जास्त भिववायला लागली.

डिसेंबरात मासळीबाजारात रीम भेटली, मासे निवडत होती. मी मब्रूकाची चौकशी केली.

"गेली परत. फोनवर बोलते." रीमने माशाची खवल्यांची बाजू बोटाने दाबून बघितली आणि ठेवून दिली. "लतीफाला कसं सांगायचं म्हणून महिनाभर तिच्या दारापर्यंत जाऊन परत यायची. शेवटी सांगितलं एकदा. बसचं, ब्लँकेटचं, सगळं."

"मग?"

"लतीफाने पोळ्या लाटायचं थांबवलं नाही म्हणे. म्हणाली, माझ्या हमादीला थंडी अजिबात सोसत नाही. लहानपणी आंघोळीला चार जणांनी धरावं लागायचं. एकदा ब्लँकेट मिळाल्यावर तो थंड पाण्यात परत जाणं शक्यच नाही. तो दुसराच कुणी असणार."

"आणि मावशी?"

"मावशी काय म्हणणार?" रीम म्हणाली. "म्हणाली, हो, दुसराच असेल. आणि पोळ्या भाजायला बसली तिच्यासोबत."