उबपेटीतली राखण

मित्रांनो, मी एक जुनी उबपेटी आहे. मंगोलियातल्या उलानबातर शहरात, एका इस्पितळाच्या बोळात भिंतीला टेकून उभी आहे. माझ्यावर खोकी रचली आहेत आणि वायर गुंडाळून ठेवली आहे. आता मी आतून गार असते. पूर्वी बाहेर हाडं गोठली तरी माझ्या पोटात माणसाच्या अंगाएवढी ऊब असायची.

त्या उबेत पेशी वाढायच्या. मित्रांनो, आपल्या रक्तातल्या काही पेशी जन्मतःच राखणदार असतात. त्यांना कुणी शिकवावं लागत नाही, बिघडलेलं काही दिसलं की त्या तुटून पडतात. पण यकृताचा कर्करोग मोठा लबाड, तो त्यांना गुंगवून ठेवतो. म्हणून त्या रक्तातून काढायच्या, माझ्यात वाढवून तरतरीत करायच्या आणि परत अंगात सोडायच्या, असा तो नवा प्रयोग होता. गुण येईलच असं छातीठोकपणे कुणी सांगत नव्हतं.

माळावर मेंढरं राखणाऱ्या दुलामआजीच्या पेशी माझ्याकडे आल्या. तिची गाठ एकदा कापली होती, ती पुन्हा उगवली होती. तिचा नवरा न्यामबू रोज यायचा. माळावर कुणाच्या तंबूपाशी गेलं की आधी हाक देतात, तशी तो आमच्या दारातही द्यायचा.

"कुत्रं धरा!"

"आजोबा, इथं कुठलं कुत्रं?" माझी देखभाल करणारी डॉक्टर ओयुन हसायची.

"मग पेटीत काय पाळलंयस? राखणदार आहेत म्हणून तूच सांगितलंस ना!"

मग तो माझ्या काचेसमोर बसून पेशींना घोड्यांच्या गोष्टी सांगायचा. ऐकायची मी. माझ्याजवळ असं बसणारा तो एकटाच.

पेशी निघायच्या आदल्या दिवशी ओयुनची पाठ वळली. न्यामबूने अंगरख्यातून दुधाची बाटली काढली, माझं दार उघडलं आणि बोटाने आत दूध शिंपडलं.

"आजोबा! काय केलंत हे?"

"अगं, प्रवासाला निघालेत. शकुनाचं दूध न शिंपडता कसं पाठवू?"

ओयुनने झटकन दार लावलं, पण उशीर झाला होता. दूध म्हणजे जंतूंना मेजवानीच. सगळ्या पेशी फेकाव्या लागल्या.

"पुन्हा रक्त काढायला हवं. आजीला झेपेल का, तेच कळत नाही," ती म्हणाली.

"मीच घालवली गं तिला," म्हातारा पुटपुटला. त्याचं सांत्वन करावं असं मला फार वाटलं, पण माझ्याकडे नुसती घरघर होती.

आजीने पुन्हा रक्त दिलं. त्या दिवसांत न्यामबू आत आलाच नाही. दाराबाहेर बसून राहायचा, हाकही द्यायचा नाही. तेवढी एकटी मी कधीच नव्हते.

अखेर पेशींची पिशवी निघाली. न्यामबूने या वेळी अंगणात जाऊन आभाळाकडे दूध उडवलं. मग आजीच्या खोलीतून त्याचा आवाज बोळभर घुमला, "सोडा गं कुत्री आता!"

माझ्याकडून गेलेलं कुणी परत येत नाही, पुढचं मला कुणी सांगतही नाही. नवी पेटी आली आणि मी बोळात आले.

या वसंतात अचानक ओळखीची हाक आली. "कुत्रं धरा!"

"अहो, ओरडताय काय? इस्पितळ आहे हे!" मागून काठी टेकत दुलामआजी येत होती. गाठ आटली होती, पण गेली नव्हती, हे त्यांच्या बोलण्यातून कळलं. तपासण्या अजून चालूच होत्या. दम खायला तिने माझ्या पत्र्यावर हात टेकला.

"ही कसली पेटी हो?"

"असेल काहीतरी जुनंपानं," न्यामबू म्हणाला आणि पुढे गेला.

मित्रांनो, जुन्या वस्तूला अडगळ म्हणण्याआधी तिने काय सांभाळलं होतं, एवढं तरी विचारत जा. त्याने मला ओळखलं नाही, याचं वाईट वाटलं. पण आजीचा तळहात अजून माझ्यावर होता. ती ऊब मात्र मी ओळखली.