रिकाम्या मेण्याला मुजरा

कुरासेचे सरदार तादात्सुने यांचा मेणा एदोच्या वाटेवर होता. वर्षाआड तिथं जपानच्या सत्ताधीशाच्या, शोगुनच्या दारी हजेरी लावणं त्यांना चुकत नसे. पुढे पाइनच्या झाडीत ओत्सुमीच्या बड्या सरदारांचे भाले दिसले आणि त्यांनी खिडकीतून कारभाऱ्याला हाक मारली. मोठ्यांसमोर उतरून गुडघे टेकायचे, असा दंडक. आणि त्यांचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून टेकायला राजी नव्हता.

"सरकार, डावीकडे देऊळ आहे," कारभारी गेनबेई खिडकीशी पुटपुटला. "अचानक दर्शनाची ओढ लागली म्हणून सांगू."

देवळामागच्या ओट्यावर एक जाडजूड गृहस्थ पाय पसरून काकी नावाची वाळवलेली फळं खात होता. त्याच्या अंगरख्यावर ओत्सुमी घराण्याचं चिन्ह होतं. हे तर खुद्द ओत्सुमीचे सरदार, हे ओळखून तादात्सुने कण्हत वाकू लागले.

"राहू द्या हो. इथं कोण बघतंय?"

"महाराज, आपण इथं? मग मेण्यात कोण आहे?"

"उशी. सहा दिवस घडी घालून बसवलंय मला त्या पेटीत. माणसं जेवायला बसली, तसा सटकलो. आता परत कसं शिरायचं, ते सुचत नाहीये."

तादात्सुनेंना हसू दाबवेना. "माझ्या मेण्यातून चला. झाडीपर्यंत सोडतो."

दोघांनी अंगरखे बदलले. तादात्सुनेंचा अंगरखा महाराजांच्या पोटावर काही मिटेना. स्वतः तादात्सुने अंगावरचं ओत्सुमीचं चिन्ह झाकायला गेनबेईची घोंगडी पांघरून, गवती टोपी डोळ्यांवर ओढून भालेकऱ्यांत लंगडत चालू लागले.

झाडीपाशी ओत्सुमीचा एक तरणा अंमलदार आडवा आला. "कुरासेच्या धन्यांनी खाली उतरावं."

महाराज उतरले. मान खाली घालून स्वतःच्याच रिकाम्या मेण्यासमोर गुडघ्यांवर बसले.

"आणखी वाका," अंमलदार म्हणाला.

ते वाकले. अंगरखा पाठीवर टर्रकन उसवला. घोंगडीतले तादात्सुने ओठ चावत उभे होते.

मग महाराज गुडघ्यांवरच पुढे सरकले, मेण्याचं दार सरकवून आत शिरले आणि दार लावून घेतलं. अंमलदाराचा हात तलवारीच्या मुठीवर गेला.

"हात काढ," आतून ओळखीचा आवाज आला. अंमलदार जागच्या जागी खाली बसला. "आणि ऐक. यापुढे कुरासेकरांनी आमच्यासमोर उतरायचं नाही. फार त्रासाचं काम आहे ते."

झाडी मागे पडल्यावर गेनबेईनं मेणा थांबवला. "बसा सरकार. गुडघा सुजला असेल."

"सुजलाय. पण त्या पेटीत घडी होऊन बसण्यापेक्षा हे बरं," तादात्सुने म्हणाले आणि टोपी मागे सारून भालेकऱ्यांबरोबर पुढच्या चहाच्या टपरीपर्यंत चालत गेले.