काचेच्या आतली वाफ

जाण्याच्या आदल्या दिवशी अंजनाबाईंनी बॅग तीनदा भरली आणि तीनदा उपसली. नव्वद दिवसांचा व्हिसा संपत आला होता. वर्ल्ड कप आटोपला तरी जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या बाल्कन्यांतून झेंडे अजून लोंबत होते. लेक धम्मदीपा लॅपटॉपसमोर बसली होती.

"आणि बाईसाहेबांचं काय करायचं?" अंजनाबाईंनी तिला विचारलं.

बाईसाहेब म्हणजे स्टुटगार्टच्या जुन्या बाजारातून अंजनाबाईंनी हट्टाने आणलेलं चित्र. तळहातात मावणारं, हस्तिदंताच्या पातळ चकतीवर रंगवलेलं, वर काच. अडीचशे वर्षांपूर्वीची कुणी इंग्रज उमरावीण, पावडर लावलेले उंच केस. नाव कुठेच नव्हतं. "कुणाची तरी आई अशी चमच्यांच्या ढिगात पडलीय, बघवत नाही," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. नजर अधू, म्हणून चित्र अगदी तोंडाशी धरून रोज त्याच्याशी गप्पा मारायच्या. "असल्या नाकाची सासू मिळाली असती, तर मी नांदलेच नसते. हत्ती मात्र आपल्याकडचाच असणार हं!"

"राहू दे इथे," दीपा म्हणाली.

"तिला राहू देशील," अंजनाबाई हसल्या. मग बॅगेची चेन ओढता ओढता म्हणाल्या, "माझी अडचण होते का गं तुला?"

"बॅग किती किलो झाली?" दीपाने विचारलं.

सकाळी त्या उठल्याच नाहीत. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

सातव्या दिवशी आईच्या फोटोपुढे मेणबत्ती लावताना दीपाला चित्राच्या काचेवर वाफ दिसली. पुसली, जाईना. आतून होती, नेमकी ओठांपाशी. आठवडाभरात चकतीही वाकली. समोर पाहणारा चेहरा आता आईच्या रिकाम्या पलंगाकडे वळलेला वाटत होता.

दीपा संशोधन संस्थेत काम करणारी. ओलाव्याने वस्तू वाकतात हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिने चित्र स्टुटगार्टच्या एका म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने भिंगातून बराच वेळ पाहिलं.

"कुणी हे तोंडाजवळ धरून बोलतं का?"

"आई बोलायची. ती गेली. तीन आठवडे झाले."

त्याने भिंग खाली ठेवलं. "मग घरात आणखी कोण असतं?"

"मी एकटीच. आणि मी बोलत नाही."

त्याने चकती वाळवली, हळूहळू सपाट केली, काच कडेने बंद केली. "आता हवासुद्धा आत जायची नाही," तो म्हणाला.

घरी आणून दीपाने चित्र कपाटात ठेवलं आणि किल्ली फिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख उन्हात तिने कपाट उघडलं. चकती पुन्हा वाकली होती. या वेळी चेहरा थेट तिच्याकडे होता. ओठांपाशी वाफ धरत होती, विरत होती, पुन्हा धरत होती, कुणीतरी सावकाश काही सांगत असावं तशी. दीपाने चित्र हातात घेतलं. मग वाफ धरायची थांबली. काच स्वच्छ झाली आणि तशीच राहिली. बोलून झाल्यावर माणूस समोरच्याच्या उत्तरासाठी थांबतं, तसं ते थांबणं होतं.

दीपाने चित्र तोंडाशी धरलं.

"होत होती, आई," ती मोठ्याने म्हणाली. "खूप अडचण होत होती. तरी तू जाऊ नयेस असं वाटत होतं."