खरं बोलायची फेरी

ऑफिसात तिला सगळे रफूवाली म्हणत. कंपनीच्या अब्रूला भोक पडलं की ही बसायची शिवायला. सुई शब्दांची, दोरा गोड बोलण्याचा आणि टाका असा की कुणाला दिसू नये.

या खेपेचं भोक मात्र छताएवढं होतं. कंपनीने बांधलेल्या सरकारी दवाखान्याच्या पोर्चचं छत मंत्र्यांच्या रिकाम्या गाडीवर कोसळलं होतं. माणसांवर कोसळतं तर बातमी आतल्या पानात गेली असती. गाडी मंत्र्यांची, म्हणून चौकशी लागली. कंपनीला फासात अडकवायला एक मान हवी होती, ती ठरली साइटवरच्या सुपरवायझरची. तो रफूवालीचा मामा. आईमागे त्यानेच तिला वाढवलेलं.

"भोक बुजवायला चिंधी लागतेच की," सकाळी मामा हसत म्हणाला होता. "या वेळी मी. तू आपलं काम कर, पोरी."

पत्रकार परिषदेआधी साहेबांची तालीम व्हायची. हिशेब खात्यातली माणसं पत्रकार बनून बसत. पहिल्या फेरीत साहेबांनी सगळं खरं सांगायचं, म्हणजे काय झाकायचं ते रफूवालीला कळे. दुसरीत झाकून सांगायचं.

आज हिशेबवाले जेवणावरून उठलेच नव्हते आणि खरे पत्रकार लवकर टपकले. वॉचमनने त्यांना थेट हॉलमध्ये नेऊन बसवलं. पाठोपाठ साहेब आले. आपल्या माणसांची तोंडं त्यांनी कधी नीट पाहिली असतील तर शपथ!

"अरे वा, आज कॅमेरेपण? झकास सोंग वठवलंय!" ते खुर्चीत ऐसपैस बसले. "चला, पहिली फेरी. विचारा."

बाजूला उभ्या रफूवालीने तोंड उघडलं. साहेबांना सावध करायला एक शब्द पुरला असता. तिने ओठ मिटून घेतले.

"छत का पडलं?" पुढच्या रांगेतून प्रश्न आला.

"पडणारच! सळ्या निम्म्याच घातल्या. उरलेल्या माझ्या बंगल्यात. तपासायला येणारा सरकारी इंजिनिअर आमच्या फार्महाऊसवर पाहुणचार झोडत होता."

"आणि सुपरवायझर?"

"तो बोंबलत होता बिचारा, काम थांबवा म्हणून! मीच म्हटलं, गप बस, नाहीतर घरी जा." साहेब खो खो हसले.

दुसरं कुणी हसलं नाही. एवढ्यात दारातून ढेकर ऐकू आली. हिशेबवाले ओळीने उभे होते.

"साहेब, आमच्याशिवायच सुरू केलंत?"

साहेबांचा चेहरा चुन्यासारखा झाला. त्यांनी रफूवालीकडे मान वळवली. "अहो, थांबवा ना यांना!"

तिने त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

"घसा ओला करा साहेब. अजून बरेच हात वर आहेत."