एका पन्नीतला खर्रा

माझ्या बाबूजींनी उभ्या जन्मात एकट्याने खर्रा खाल्लेला नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटायचा, पन्नी उघडून आधी समोरच्यापुढे धरायची, मग आपली चिमूट घ्यायची. आमच्या गावात, कोंढ्यात, बाबूजींना भैयाजी म्हणतात. या भैयाजींच्या ओसरीवरून, सपरीवरून, कोणी कोरड्या तोंडाने गेला, असं झालं नाही. आईला, म्हणजे मनकर्णाबाईला, या दानशूरपणाचा मनस्वी राग.

मी बाळंतपणाला माहेरी आले होते. मुलगी झाली आणि बाबूजींचा खर्रासुद्धा मागे पडला. बांधावरून आले की हातपाय धुऊन नात मांडीवर. माझ्याशी बोलायला त्यांना वेळच उरला नव्हता.

दिवाळीनंतर गावात मंडई, आमच्याकडची जत्रा, भरली. बाबूजी आणि त्यांचे जिवाभावाचे मंगरूकाका दिवसभर डोक्याला डोकं लावून एकाच पन्नीतला खर्रा खात बसले. मंगरूकाका सारखे खोकत होते. मंडई उठली, पाहुणे गेले, आणि पुढे बाबूजींना खोकला धरला. उबळ आली की थांबायचं नाव नाही, चेहरा लालबुंद, शेवटी उलटी. मला डांग्या खोकल्याची शंका आली. मी बाळ त्यांच्या मांडीवरून उचललं, तर त्यांना भारी राग आला. डांग्या खोकला त्यांना लहानपणीच होऊन गेला होता, आता काय होणार, असं त्यांचं म्हणणं. मी हट्टाने त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "एकदा झालेला रोग शरीर ओळखून ठेवतं, काका. पण या रोगाची ओळख जन्मभर पुरत नाही. तुमचं खोकण्यावर निभावेल. महिन्याच्या बाळाचा श्वास थांबू शकतो."

बाळाला आईकडून मिळालेली शिदोरी थोडी असते, स्वतःची ताकद अजून तयार व्हायची असते आणि या रोगाची पहिली लस दीड महिन्याचं झाल्यावर मिळते, हेही बाईंनी सांगितलं. तपासणीचा निकाल येईल तेव्हा येईल म्हणून औषध त्याच दिवशी सुरू केलं, घरातल्या सगळ्यांना, बाळालासुद्धा. निघताना बाबूजींनी हळूच विचारलं, खर्ऱ्यानं झालं का? बाई म्हणाल्या, हा रोग खोकल्याच्या तुषारांतून जातो, तुम्ही तोंडाजवळ तोंड नेऊन बसता, तिथे सापडलात. घरी येऊन त्यांनी खर्रा निर्दोष सुटल्याचं जाहीर केलं. आई म्हणाली, वकील बरा भेटला.

पण त्यांनी खाट सपरीत टाकली ती स्वतःहून. तिथूनच नातीला हाका मारायचे. तिचं रडणं ऐकू आलं की उठून बसायचे आणि दाराकडे पाहत राहायचे. मला इतकं वाईट वाटायचं की वाटे, जाऊ दे, द्यावं एकदा हातात. दिलं मात्र नाही.

औषध संपलं, बाईंनी मोकळीक दिली, तरी बाबूजी आत येईनात. त्यांना भीतीच बसली होती. उलट दारात बसून बाळ पाहायला येणाऱ्या प्रत्येकीला विचारायचे, खोकला हाय का, सर्दी हाय का? दोघीतिघी रागावून परत गेल्या.

मग मंगरूकाका आले. एका हातात बाळासाठी झबलं, दुसऱ्या हातात घोटलेली पन्नी. खोकला तसाच, औषधाचा पत्ता नाही.

"मंगरू, अंदर नोको येऊ," बाबूजी म्हणाले. "आन ते पन्नी बी तुयाजवळच ठेव."

काकांचा पुढे केलेला हात तसाच राहिला. "काहून रे? मी परका झालो का?"

"तू परका नाई. पन पोरगी अजून पऱ्हा हाय, धानाचं कवळं रोप. तिच्याजवळ काईच नाई रे. तिले काई झालं त मी तुयं तोंड पायनार नाई, आन मायंबी."

काकांनी झबलं ओट्यावर ठेवलं आणि पन्नी मुठीत धरून ते परत फिरले. त्या दिवशी बाबूजी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी काका दवाखान्यात जाऊन आल्याचं कळलं तेव्हा कुठे त्यांचा घास उतरला. त्यानंतर दोघे रस्त्याच्या दोन बाजूंना बसू लागले. पन्नी ज्याची त्याची, गप्पा मात्र अख्ख्या गल्लीला ऐकू जातील अशा.

लस टोचली त्या दिवशी संध्याकाळी बाळाचं अंग तापलं. ताप येऊ शकतो, असं नर्सबाईंनी सांगून ठेवलं होतं. रोगाची ओळख पटवली की शरीर त्याच्याशी लढायला शिकतं, ताप म्हणजे त्याचीच खटपट. माहीत असूनही मी बाळाला धरून रडायला लागले.

बाबूजी उंबऱ्यापाशी आले, थांबले. मग कोपरापर्यंत हात धुतले, तोंडावर दुपट्टा बांधला आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा आत येऊन त्यांनी नात मांडीवर घेतली.

"रडू नोको, मेघा," ते म्हणाले. "शिकून राहिली ते."

बाहेरून मंगरूकाकांनी खर्रा घोटल्याची हाक दिली. नात नुकतीच झोपली होती, म्हणून बाबूजींनी ओ दिली नाही.