शंभर टक्क्यांची शाळा

शाळा बंद झाली त्या दिवशी सुकन्या टीचरना काहीच वाटलं नाही. शाल मिळाली, नारळ मिळाला, फादरांनी प्रार्थना म्हटली, उरलेल्या एकसष्ट पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि त्यातल्या दोघीतिघी रडल्यासुद्धा. टीचरांच्या डोक्यात मात्र गॅसचा नंबर लावायचा राहिला, एवढंच घोळत होतं. आपण इतक्या कोरड्या कधी झालो, असं त्यांना घरी आल्यावर वाटलं, पण तेही फार वेळ वाटलं नाही.

बारामतीत त्या शाळेला सगळे कॉन्व्हेंट म्हणायचे. खरं नाव सेंट वेरोनिका हायस्कूल, माध्यम चक्क मराठी. पण गावाला पांढरा झगा दिसला की ते कॉन्व्हेंट, मग आत काय शिकवतात याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. चौपन्न वर्षं शाळा चालली. मग पिवळ्या बसवाल्या इंग्रजी शाळा आल्या, आणि जे स्वतः वेरोनिकातून दहावी झाले त्यांनीच आपली पोरं तिकडे घातली. नव्या सिस्टर येईनात, होत्या त्या थकल्या, आणि एप्रिलमध्ये फाटकाला कुलूप लागलं. गावातल्या जुन्या विद्यार्थ्यांनी मोबाइलवर हळहळ व्यक्त केली. हळहळीला काय लागतं, अंगठा तर हलवायचा असतो.

मे महिन्यात संस्थेच्या पुण्यातल्या कार्यालयातून फोन आला. दप्तरी ठेवायला शाळेचा दोन पानी इतिहास हवा होता. सगळ्यात जुन्या शिक्षिका म्हणून ते काम टीचरांच्या गळ्यात पडलं. त्यांनीही नाही म्हटलं नाही. एकतीस वर्षं त्यांनी कशालाच नाही म्हटलं नव्हतं, आता शेवटी कुठे म्हणायचं?

पहिलं पान सरळ उतरलं. १९७१ साली तीन सिस्टर आल्या. आधी त्यांनी दवाखाना काढला, मग मेंढरांमागे फिरणाऱ्या आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलींसाठी वसतिगृह, आणि मग त्या मुलींना शिकवायला शाळा. पहिल्या वर्गात अकरा मुली होत्या, बसायला गोणपाटं होती. टीचरनी हे सगळं भाजीची यादी लिहावी तसं लिहून काढलं. दुसऱ्या पानावर त्यांनी लिहिलं, ‘सन २००२ पासून सलग एकोणीस वर्षे शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागला,’ आणि तिथं त्यांचा हात थांबला.

शंभर टक्के काही आभाळातून पडत नाहीत. वेरोनिकात त्याची एक रीत होती. नववीचा निकाल लागला की जी पोरं कच्ची, त्यांच्या पालकांना बोलवायचं. चहा द्यायचा. दहावीला शाळेतून बसण्यापेक्षा नाव काढून सतरा नंबरचा फॉर्म भरा, घरी निवांत अभ्यास करून बाहेरून परीक्षा द्या, त्यातच पोराचं भलं आहे, असं गोड बोलून पटवायचं. पोरगं बाहेरून बसलं की नापास झालं तरी शाळेच्या निकालाला धक्का नाही. हुकूम मोठ्या सिस्टरांचा असे, पण पोरं निवडायची नववीच्या वर्गशिक्षिकेनं, आणि नववीच्या वर्गशिक्षिका कायम सुकन्या टीचर. पालकांचा अर्जही त्याच लिहीत. पालक सही करत, नाहीतर अंगठा उठवत. मग रजिस्टरात शाळा सोडण्याच्या कारणाखाली टीचर सुंदर वळणदार अक्षरात लिहीत, ‘पालकांची विनंती’.

तारखा तपासायला म्हणून त्यांनी ती रजिस्टरं घरी आणलीच होती. त्यातल्या ‘पालकांची विनंती’ त्यांनी मोजल्या. त्रेचाळीस निघाल्या. टीचर थोडा वेळ थांबल्या, आता काहीतरी होईल म्हणून. छातीत धडधडेल, डोळे भरून येतील. काही झालं नाही. शेजारच्यांच्या मिक्सरचा आवाज तेवढा येत राहिला. तेव्हा मात्र त्या घाबरल्या. त्रेचाळीस पोरं आपण उंबऱ्याबाहेर काढली आणि आपल्या पोटात साधं कालवतही नाही, हे काही माणसाचं लक्षण नव्हे.

बेचाळीस जणांचं त्या एक वेळ सांगू शकल्या असत्या, की पोरं खरंच कच्ची होती. त्रेचाळिसाव्या नावाला ते लागू नव्हतं. २०११ साली शेवटी दोन नावं उरली होती आणि मोठ्या सिस्टर म्हणाल्या होत्या, एकाला सांभाळून घेऊ, एकाला काढा. एक होता विजयसिंह, बड्या बागायतदाराचा मुलगा, गणितात छत्तीस. दुसरी वसतिगृहातली अनिता, गणितात एकोणचाळीस. टीचरनी अनिताला काढलं. तिचा बाप म्हस्कू मेंढरं राखायचा. त्यानं अंगठा उठवला आणि आठच दिवसांनी टीचरांच्या दारात काळी घोंगडी घेऊन उभा राहिला. आमच्या पोरीसाठी एवढा कागद केला म्हणून. ती घोंगडी टीचर दर थंडीत पांघरत आल्या. ऊब चांगली होती.

इतिहासात ही रीत लिहायचीच, असं टीचरनी ठरवलं. शूरपणा म्हणून नव्हे. लिहिलं तर निदान काहीतरी वाटेल, अशी त्यांना आशा होती. पण लिहायचं तर एक नाव तरी खरं हवं, आणि नाव घालायचं तर त्या माणसाला विचारायला हवं. अनिता भिगवणला हायवेवर चिलापी मासळीचं हॉटेल चालवते, असं कुणाकडून तरी कळलं होतं. टीचर एसटीनं भिगवणला गेल्या.

हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड, चार टेबलं आणि मागं राहायची खोली. दुपार टळली होती, गिऱ्हाईक नव्हतं. अनितानं त्यांना लगेच ओळखलं. हात पुसत आली, पाया पडली, पंखा त्यांच्याकडे फिरवला. बाजूच्या खाटेवर म्हस्कू बसला होता. मेंढरं कधीच विकली होती, कान गेले होते, आता लेकीकडेच असायचा. कोण आलंय हे अनितानं त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, तेव्हा म्हाताऱ्यानं उठून हात जोडले.

मग तो सांगतच सुटला. त्यांच्या मेंढपाळांच्या वाड्यावरच्या कुठल्याच पोरीनं दहावीच्या परीक्षेचं तोंड बघितलं नव्हतं. अनिता बसली. बाईंनी कागद केला म्हणून बसली. दोन विषय गेले ते तिच्या नशिबानं गेले, त्याला बाई काय करणार? हे त्यानं भिगवणच्या बाजारात निम्म्या लोकांना सांगून झालेलं असावं, कारण शब्द अगदी पाठ होते. टीचर मान हलवत ऐकत राहिल्या. खाटेपाशी अनिताची नऊ वर्षांची मुलगी मोना वहीत डोकं घालून पाढे लिहीत होती.

अनिता चुलीकडे गेली तशा टीचर तिच्या मागं गेल्या. कशासाठी आलो ते त्यांनी सांगितलं. इतिहास लिहितेय, सतरा नंबरच्या फॉर्मचं खरं काय ते त्यात लिहायचंय, तुझं नाव घालू का, असं विचारलं. सांगताना आवाज हलला नाही, याचं त्यांना स्वतःलाच वाईट वाटलं.

अनिता मासळीला मसाला लावत होती. तिनं मान वर केली नाही. फॉर्म कशापायी भरायला लावला ते तिला तेव्हाच कळलं होतं, वसतिगृहातल्या मोठ्या मुलींनी सांगितलं होतं. आबाला मात्र तिनं कधी कळू दिलं नाही. नाव गेल्यावर वसतिगृहही सुटलं होतं. त्या वर्षी ती मेंढरांमागं फिरत नरसिंहपूरपर्यंत गेली, पुस्तकं घोड्यावरच्या ओझ्यात, आणि मार्चमध्ये इंदापूरच्या केंद्रावर जाऊन पेपर दिले. गणित आणि इंग्रजी राहिलं. पुन्हा बसली नाही. हे तिनं तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, कुणा तिसऱ्याचं सांगावं तसं सांगितलं.

“नावाचं ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “मला एक सांगा. शाळंत ऱ्हायले असते, तर मी पास झाले असते का?”

या प्रश्नाची तयारी टीचर करून आल्या नव्हत्या. नाही म्हणणं सोपं होतं. नाही म्हटलं असतं तर पोरगी सुटली असती आणि टीचरही सुटल्या असत्या. सुटायला तर त्या आल्या होत्या. पण एकतीस वर्षं पेपर तपासलेल्या बाईला एकोणचाळीसचा अर्थ कळतो.

“झाली असतीस,” त्या म्हणाल्या.

अनिताचे हात थांबले. “मंग मलाच का काढलं?”

“तुझे वडील विचारायला येणार नाहीत, म्हणून.”

हायवेवरून उसाची रिकामी ट्रॉली खडखडत गेली. अनितानं मसाल्याचं ताट बाजूला सारलं. मग तिनं शेडकडे बघितलं.

“मोनीला सातचा पाढा येत न्हाय,” ती म्हणाली. “मी तिला रोज म्हनते, माझ्यावर गेलीस, ढ हायस, तुला काय जमायचं न्हाय. रोज म्हनते, टीचर. लाडात म्हनते, रागात म्हनते. आता तीबी तसंच म्हनती, मी आयवर गेलीया.”

अनितानं बादलीत हात धुतले, पदराला पुसले आणि ती तडक खाटेपाशी गेली, टीचर तिच्या मागोमाग. तिला काहीतरी करायचं होतं आणि समोर बापच होता. ती त्याच्या कानाशी वाकली आणि ओरडली,

“आबा, टीचर म्हनत्यात, मी पास झाले असते!”

म्हस्कूचा चेहरा उजळला. त्यानं टीचरांकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, आणि ही काय सांगायची गोष्ट झाली, अशा थाटात मान डोलावली.

“मंग? बाईस्नी ठावं व्हतं. म्हनून तर कागद केला त्यांनी.”

अनिता तशीच वाकलेली राहिली. म्हाताऱ्यानं नातीच्या पाठीवर हात ठेवून तिला उठवलं. ऊठ पोरी, तुझ्या आईच्या बाई हायत्या, पाया पड. मोना वही बाजूला ठेवून आली आणि वाकली. सुकन्या टीचरांना पाय मागं घ्यायचे होते, पण मागं भिंत होती, आणि पोरीचे घामानं ओले, शाईचे हात पायांना लागलेसुद्धा होते. तेव्हा त्यांना लाज वाटली. साधी, सरळ, उभ्या माणसाला खाली बसवील अशी लाज. त्या खाली बसल्या आणि त्यांनी मोनाला सातचा पाढा विचारला.